पाचाची जुडी

"वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह," कीनबाईंनी मोजलं आणि त्यांचं बोट थांबलं. टेबलावर कापडाची अजून एक घडी उरली होती. ती त्यांनी चिमटीत उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सिक्स."

मी हसले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा खरंच हसले. शेजारी उभे असलेले आमचे मालक, भूपालअण्णा मगदूम, माझ्याहून खूश झाले.

"सांगा की त्यास्नी," ते मला म्हणाले, "एक जादा घातलीया म्हणावं. आमच्यात कमी द्यायची पद्धत न्हाई."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कीनबाईंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. त्यांनी दुसरी जुडी सोडली. सहा. दुसऱ्या खोक्यातली तिसरी. सहा. अशा दहा जुड्या झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात एक वाक्य उच्चारलं. ते मला मराठीत सांगावं लागलं.

"अण्णा, त्या म्हणतात, हा माल घेता येणार नाही. एकही खोकं नाही."

फेब्रुवारी १९९४ मधला तो मंगळवार. इचलकरंजीत धोतरं आणि मांजरपाट विणणाऱ्यांची कमतरता नव्हती. अण्णांनी मात्र दहा मागांवर जाळीचं कापड घ्यायला सुरुवात केली होती. ऑपरेशन करताना रक्त टिपायला लागतात त्या घड्या आमच्याकडे होत. कापड धुऊन, वाळवून, तुकडे करून त्याच्या आठपदरी घड्या घालायच्या. प्रत्येक घडीत एक निळा दोरा असे, एक्स-रेत दिसणारा. अशा पाच घड्या एकावर एक ठेवून लाल दोऱ्याने बांधायच्या. बायका त्याला जुडी म्हणत, मेथीची म्हणतात तशीच.

आदल्या वर्षी अण्णा कोल्हापूरला कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आले होते. विषय होता, 'आरोग्य क्षेत्रातील निर्यातीच्या संधी'. येताना एक जाडजूड फोल्डर घेऊन आले. त्यातलं त्यांना फारसं काही कळलं नव्हतं, पण 'संधी' हा शब्द असा चिकटला, की चहा पितानाही म्हणायचे, "संधी हाय, उपाध्येबाई, लई मोठी संधी हाय." त्या संधीपायीच त्यांनी मला नोकरीवर ठेवलं. मी जयसिंगपूरच्या मास्तरांची मुलगी, नुकतीच बी.एस्सी. झालेली, वय बावीस. परदेशी पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची आणि मालाची गुणवत्ता बघायची. त्यासाठी मला टेबल, खुर्ची आणि एक टेबलफॅन मिळाला होता, आणि त्या तिन्हींचा मला भलताच अभिमान होता.

सहा महिने पत्रापत्री केल्यावर आयर्लंडच्या एका कंपनीने चाळीस खोक्यांची ऑर्डर दिली. आमची पहिलीच. पसंत पडली तर दर महिन्याला चारशे. ती आली त्या दिवशी अण्णांनी अख्ख्या कारखान्याला पेढे वाटले आणि नवा शेड बांधायला गवंडी बोलावून जागा मोजून घेतली. माल शुक्रवारी सकाळी न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघायचा होता. त्याआधी तपासायला कंपनीने या कीनबाईंना पाठवलं होतं. साठीच्या, उंच, केस पांढरे आणि बारीक कापलेले. तीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली होती.

"हे डोकं कुणाचं?" अण्णांचा आवाज हॉलभर घुमला.

चोवीस बायका पांढऱ्या चादरींवर ओळीने बसलेल्या. डोक्याला टोप्या, तोंडाला फडकी. त्या फडक्यांआड त्या एरवी दिवसभर गुणगुणत असायच्या आणि कोण गातंय ते अण्णांना कधी पकडता येत नसे. आता पलीकडच्या शेडमधला मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

गुडघ्यावर हात टेकून हौसाक्का उठली. हौसाबाई लोहार, पॅकिंगची मुकादमीण. पहिला माग बसला तेव्हापासून ती अण्णांकडे होती. नवरा सायझिंगमध्ये, सुताला खळ द्यायचं काम करून छातीने खंगलेला, दोन वर्षं घरात खोकत बसून होता. घरात मिळवणारी ती एकटीच.

"माझं," ती म्हणाली.

"आवं पर का आक्का? का?"

"का म्हंजे? पयल्यांदा एवढ्या लांब माल जायाचा. त्यो बी आजारी माणसांसाठनं. मोजून पाचच कशी द्यायची? शेणी इकताना सुदिक शंभराला पाच वर घालतो की आमी. जुडीला एक वर घाल म्हणून मीच सांगितलं सगळ्यास्नी."

कीनबाईंनी विचारलं, ही काय म्हणते? शेणीला, म्हणजे गोवरीला, इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी 'कोळसा' म्हणून वेळ मारून नेली. बाई बुचकळ्यात पडलेल्या दिसल्या.

"डबा उचला आन् घरला जावा," अण्णा म्हणाले. "मी सांगावा धाडल्याबिगर कारखान्याची पायरी चढू नका."

हौसाक्काने फडकं सोडलं, टोपी काढून घडी घातली आणि खाली ठेवली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर कदाचित मी तेव्हाच बोलले असते. पण ही पळवाट झाली.

कारण मला विचारल्याशिवाय तिने काही केलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी ती माझ्या टेबलाशी आली होती. "वैजंता," ती मला वैजयंती कधीच म्हणाली नाही, "मी काय म्हणतो, जुडीत एकेक घडी वरची घालू का?" आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी येतो, मी जातो. कंपनीने पाठवलेलं चौदा पानी पत्रक माझ्यासमोरच होतं. पाच म्हणजे पाच, हे त्यात नवव्या पानावर लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलंही होतं. मला वाटलं, ही अट कमी देणाऱ्यांसाठी असणार. जास्त दिलं तर कोण तक्रार करील? मनातून मला तिची कल्पना इतकी गोड वाटली, की मी म्हणाले, "घाला की आक्का. त्यांनाही कळू दे आपली माणसं कशी आहेत." आणि प्रत्येक खोक्याच्या चिठ्ठीवर मोठ्या डौलात माझी सही ठोकली होती.

आता मात्र मी मूग गिळून बसले. टेबल, खुर्ची, पंखा, वडिलांनी गावभर सांगितलेली मुलीची नोकरी, सगळं डोळ्यांसमोर नाचत होतं.

एवढ्यात कीनबाईंनी विचारलं, "ती कुठे निघाली?"

"घरी. मालकांनी तिला काढलंय."

"जेवणाच्या सुट्टीनंतर मला सगळ्यांशी बोलायचं आहे. सगळ्यांशी. मालकांना सांग, तोवर कुणी जाणार नाही."

अण्णांनी मान हलवली. नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी डबा उघडून तसाच बंद केला आणि हात धुवायला हौदाकडे गेले. हौदाच्या कडेला हौसाक्का एकटीच भाकरी खात बसली होती. इतर बायका तिच्याशी काय बोलावं ते न कळून लांब बसलेल्या. मला पाहून तिने विचारलं, "जेवलीस का गं?"

"हो," मी खोटंच बोलले आणि हात न धुताच परत फिरले. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

दोन वाजता सगळ्या पुन्हा हॉलमध्ये बसल्या. हौसाक्का अगदी मागे, भिंतीला टेकून, डब्याची पिशवी मांडीवर. कीनबाईंनी खुर्ची नाकारली आणि त्या चादरीवरच मांडी घालायला गेल्या. मांडी काही जमेना, तेव्हा पाय लांब करून बसल्या. बायकांत खसखस पिकली. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या एक वाक्य बोलायच्या, मी ते मराठीत सांगायची.

त्यांनी एक जुडी हातात घेतली. "पोट उघडलं की आम्ही या घड्या आत घालतो. रक्तात भिजल्या की त्या आणि आतलं मांस, काही वेगळं दिसत नाही. म्हणून आधी मोजायचं आणि पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजायचं. पाच आत गेल्या, तर पाच बाहेर यायला हव्यात."

मग त्यांनी सहा घड्या समोर मांडल्या आणि त्यातली एक स्वतःच्या पदराआड, म्हणजे जाकिटाआड, सारली. "घाईच्या वेळी जुडी सोडली, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पाच धरल्या. आत गेल्या सहा. बाहेर आल्या या. मोजा."

"पाच," पुढची एक बाई म्हणाली.

"बरोबर. हिशोब जुळला. आम्ही पोट शिवतो."

मी हे सांगितलं आणि मागून हौसाक्काचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हंजे आमी परेमानं घातल्याली ती आतच ऱ्हाती व्हय?"

"अगं बया बया," कुणीतरी म्हणालं. हौसाक्काने पदर तोंडाला लावला. तिला घरी जा म्हटलं तेव्हा ती रडली नव्हती. आता तिचे डोळे वाहत होते.

कीनबाईंना ते कळायला माझी गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, "मी काही तुम्हाला दोष द्यायला बसलेली नाही. माझंच सांगते. मी चोवीस वर्षांची होते. एका बाईचं सिझेरियन होतं, तिसरं मूल. डॉक्टर मोठे आणि तापट. दोन जुड्या सोडल्या होत्या, म्हणजे दहा. शेवटी मी मोजल्या, तर नऊ."

मी शब्दाला शब्द सांगत होते. त्या स्वतःबद्दल बोलत होत्या, त्यामुळे मीही 'मी' असंच म्हणत होते.

"मला वाटलं, एखाद्या जुडीत चारच असतील. पुन्हा मोजल्या. नऊच. डॉक्टर टाके घालत होते. थांबा म्हटलं तर ते सगळ्यांदेखत ओरडतील, माझी नोकरी नवी होती. आठ महिन्यांनी ती बाई गेली. ती घडी आत होती." त्यांनी माझ्याकडे न पाहता पुढचं वाक्य सांगितलं, आणि मी ते मराठीत म्हणाले, "मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

कीनबाई पुढचं वाक्य सुरू करणार होत्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"हे बाईंचं झालं," मी म्हणाले. "आता माझं ऐका. हौसाक्कांनी स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही. मला विचारलं होतं. मी घाला म्हणाले. पाचच पाहिजेत हे मी कागदावर वाचलं होतं, आणि तरी म्हणाले. सकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

अण्णा दारात उभे होते. "उपाध्येबाई," एवढंच म्हणाले.

"काय बी काय बोलतीस!" हौसाक्का मागून ताडकन उठली. "खोटं हाय अण्णा. मला वाचवाया बोलालीय पोरगी."

"आक्का, चिठ्ठ्यांवर सही माझी आहे."

कीनबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. काय चाललंय, ते मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. सांगताना सारखी अडखळत होते, काळ चुकत होते, नाक वाहत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शाबासकी दिली नाही की रागावल्या नाहीत. घड्याळ पाहिलं.

"तीन तास," त्या म्हणाल्या. "मला अकरा वर्षं लागली होती. मालकांना सांग, खोकी उघडायला घ्या. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा मोजीन. आणि त्या बाईला जाऊ देऊ नका. मोजण्याची भीती जिला बसली, तिच्याइतकं चांगलं कुणी मोजत नाही."

मंगळवारची दुपार, बुधवार आणि गुरुवार. आठ हजार जुड्या सोडायच्या, प्रत्येकीतून एक काढायची, पुन्हा बांधायच्या. कीनबाईंनी नियम घालून दिला, की दोघींनी समोरासमोर बसून मोठ्याने मोजायचं आणि आकडा जुळला तरच गाठ मारायची. बारा जोड्या, बारा ठिकाणी "एक, दोन, तीन, चार, पाच." पहिल्या तासाला गोंगाट होता. मग कधी कुणाच्या लक्षातही न येता त्याला चाल लागली. 'पाच'वर सगळ्यांचा आवाज एकदम पडायचा आणि चोवीस हातांचा लाल दोरा एकदम आवळला जायचा. गाण्याला मनाई असलेल्या त्या हॉलमध्ये अडीच दिवस नुसतं गाणं चाललं होतं आणि अण्णा ते ऐकत दारात उभे राहायचे. आयुष्यात पुढे मी पुष्कळ कारखाने पाहिले, काचेच्या भिंतींचे, थंडगार, आपोआप मोजणाऱ्या यंत्रांचे. पण कामाचा तसा आवाज पुन्हा कुठे ऐकला नाही. अजूनही कधी एकटी असताना तो आठवला की बसल्या जागी माझी मान डोलते.

काढलेल्या घड्यांचा कोपऱ्यात ढीग होत गेला, कमरेएवढा. त्याचं काय करायचं, असं मी कीनबाईंना विचारलं. बाहेरच्या जखमेवर बांधायला चालतील, त्या म्हणाल्या. अण्णांनी त्या पोत्यांत भरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न मोजता देऊन टाकल्या.

या सगळ्यात हौसाक्का माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला तिने सगळ्यात हळू मोजणाऱ्या बाईच्या समोर बसवलं. माझी गाठ सैल बसली की येऊन ती सोडायची, मारून दाखवायची आणि पुढे जायची. टेबल आणि खुर्ची अण्णांनी बुधवारीच हलवायला लावली होती. "सहा म्हयनं पॅकिंगला बसा," त्यांनी मला सांगितलं. "आधी मोजायला शिका, मग सही करा." पंखा त्यांनी हॉलमध्ये बायकांकडे फिरवून ठेवला.

शुक्रवारी कीनबाईंनी वाटेल त्या खोक्यात हात घालून पन्नास जुड्या काढल्या. हौसाक्का त्यांच्या समोर बसली. एक इंग्रजीत, एक मराठीत, दोघी एकदमच मोजत होत्या. पन्नासच्या पन्नास जुड्या पाचाच्या निघाल्या. शेवटची गाठ मारून झाल्यावर कीनबाईंनी हौसाक्काचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दहाला ट्रक हलला. अण्णांनी चाकाखाली नारळ फोडला आणि लहान मुलासारखे रडले.

ट्रक वळणाआड गेल्यावर सगळ्या आत गेल्या. हौसाक्का फाटकापाशीच उभी होती. मी धीर करून जवळ गेले.

"आक्का, माझ्यावर रागावलाय ना?"

"व्हय."

"गप्प बसले म्हणून ना? माझं चुकलंच. मी..."

"गप बसलीस त्येचा राग न्हाई," ती म्हणाली. "त्येचं काय न्हाई. तुझी नोकरी नवी, वय कवळं. मी मंगळवारी हौदाकडं भाकरी खाताना इचार केला. म्हटलं, ही पोरगी काय बोलायची न्हाई. आन् जलमभर तिला हे खात ऱ्हाईल. म्हणून तितंच बसल्या बसल्या तुला माफ करून टाकलं. अगदी मनापासनं केलं बग. लई जड गेलं मला. घरात त्यो खोकतोय, उद्या चूल कशी पेटवू ते ठावं न्हाई, आन् तरी केलं." तिने पदराने तोंड पुसलं. "आन् तासाभरानं तू उठून समदं बोलून मोकळी! मग मी केलेलं कशाला गं?"

मला हसावं की रडावं कळेना. "मग आता?" मी विचारलं.

"आता काय? दिलेलं मी माघारी घेत न्हाई." ती आत जायला वळली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुढं कवातरी लागंल."

लागलं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. अजून पुरतंय.